आप्पांच्या कानात धाकटी

टेलिफोन एक्स्चेंज बंद होऊन इतकी वर्षं झाली की त्या इमारतीत आता चष्म्यांचं दुकान आहे. तरी जुनी माणसं तिला अजून एक्स्चेंजबाईच म्हणतात. तिलाही ते आवडतं. नावापेक्षा हुद्दा बरा, असं ती म्हणते. नाव आईबापांनी दिलेलं, हुद्दा आपण कमावलेला.

त्या काळी फोन लावायचा म्हणजे आधी बाईशी बोलावं लागे. समोर उभा बोर्ड, त्यावर भोकांच्या ओळी, आणि पुढ्यातल्या फळीवर जोडीजोडीने ठेवलेल्या दोऱ्या. बोर्डवर दिवा लागला की एक दोरी तिथे खुपसायची, "नंबर?" असं विचारायचं, आणि जोडीची दुसरी दोरी त्या नंबरात. पलीकडून "हॅलो" आलं की लहानशी किल्ली मागे ओढायची. तशी ओढली की आपला कान लाइनीवरून बाजूला. किल्ली न ओढता बसलं तर सगळं ऐकू येत असे, आणि बहुतेक मुली ऐकतच. बाई मात्र कधी ऐकत नसे. जोडून द्यायचं आणि हात झटकायचे, हा तिचा नेम होता. दुसरा नेम असा की दिवा लागला की जोडायचं. का, कशाला, एवढ्या तातडीचं काय, हे विचारणारी ऑपरेटर चांगली नव्हे.

गावाला यातलं काहीच माहीत नव्हतं. गावाची खात्री होती की बाईच्या पोटात सगळ्यांची गुपितं आहेत. त्यामुळे शिंपी तिचे कपडे आधी शिवून देई, डॉक्टरीणबाई रस्ता ओलांडून हसायला येत, आणि कोर्टातला एक कारकून तिला पाहिलं की आपोआप उभा राहत असे. त्याने कुणाला काय फोन केले होते देव जाणे. बाईने कुणाचा गैरसमज दूर केला नाही. तेवढी मिरास नोकरीबरोबर आलेली होती.

तिचे यजमान आप्पा छापखान्यात होते. मोठ्या मशीनशेजारी उभं राहून त्यांनी सगळी नोकरी काढली, आणि त्या मशीनने पगारासारखेच हळूहळू, दर महिन्याला थोडे थोडे त्यांचे कान कापून घेतले. निवृत्त झाले तेव्हा दारावरची बेल त्यांना ऐकू येत नव्हती. ऐकू येत नाही हे कबूल करायला त्यांनी आणखी बरीच वर्षं घेतली. तोवर लोक पुटपुटतात, बेल बिघडली आहे, बातम्या सांगणारे हल्ली तोंड उघडत नाहीत, अशी त्यांची तक्रार असे. मग तीही थांबली. आप्पा बाल्कनीतल्या खुर्चीत बसत, वर्तमानपत्र वाचत, जेवायला हाक मारायची तर खांद्याला हात लावावा लागे.

बाईला याचं वाईट वाटे, आणि खरं सांगायचं तर थोडी सोयही होती. तिची धाकटी बहीण अर्ध्या दिवसाच्या बसच्या अंतरावर एकटी राहत होती. रोज सकाळी तिचा फोन येई, आणि बाई स्वयंपाकघरात, आप्पांच्या देखत, आप्पांबद्दल वाटेल ते बोलू शके. ऐकून न ऐकल्यासारखं करणारे नवरे पुष्कळ असतात. हा खरोखरीच ऐकत नव्हता. धाकटीने भावोजींचं नाव 'पुतळा' ठेवलं होतं. फोन उचलला की हॅलो वगैरे नाही, थेट "काय म्हणतो पुतळा?" अशीच तिची सुरुवात. बाई म्हणे, म्हणतोय काय, ओला टॉवेल पलंगावर टाकून बसलाय. आणि समोर बसलेले आप्पा मान वर करून, आपल्याकडे पाहिलं म्हणून, प्रेमाने हसत.

मग मुलाने परगावाहून यंत्रं पाठवली. कानामागे बसणारी, शेंगदाण्याएवढी. ती बसवून घ्यायला दोघं कानाच्या दवाखान्यात गेली. तिथल्या मुलीने यंत्रं आप्पांच्या कानांत बसवली, मापं घेतली, आणि विचारलं की आप्पांचा फोन कुठे आहे. आप्पांकडे बटणांचा जुना फोन होता. त्याकडे तिने ज्या नजरेने पाहिलं तशी नजर बाईच्या बोर्डवर कुणी टाकली असती तर बाईने तिला दारात उभं केलं नसतं. हा चालणार नाही, मुलगी म्हणाली. यंत्राचा आवाज कमीजास्त करायला मोठा फोन लागतो, ब्लूटूथने जोडायचा. बाईने पर्समधून लगेच स्वतःचा काढून दिला. जोडाजोडीचं काम निघालं की ते घरात आपल्याकडे, हे ठरलेलंच होतं.

मुलीने काहीतरी दाबलं आणि फोन बाईच्या हातात परत दिला. पडद्यावर एकामागून एक प्रश्न येऊ लागले. हे यंत्र जोडायचं का? हो. दुसरंही जोडायचं का? हो. कॉल यावरून चालू द्यायचे का? हो. संगीत? हो. मुलगी तोवर पुढच्या म्हाताऱ्याकडे वळली होती. बाईने एकही प्रश्न पुरता वाचला नाही. दिवा लागला की जोडायचं. सगळ्याला हो म्हणून झाल्यावर तिला फार दिवसांनी ड्यूटी संपवून उठल्यासारखं वाटलं.

आप्पा बाहेर आले आणि रस्त्यात थांबले. एवढा आवाज असतो का, त्यांनी विचारलं. असतो, ती म्हणाली. घरी येईपर्यंत ते बुटांचा आवाज ऐकत चालले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीचा फोन आला तेव्हा बाईच्या कानात काहीच येईना. फोन चालू, सेकंद पळतायत, आणि पलीकडे चिडीचूप. बाई हॅलो हॅलो करत स्वयंपाकघरातून बाहेर आली, पुढच्या खोलीतून दार उघडून जिन्यात गेली, तिथून एक मजला खाली उतरली, आणि धाकटी एकदम कानात फुटली. ती वाक्याच्या मध्यावर होती. तिला वाटत होतं आपण केव्हाच्या बोलतोय आणि ताई ऐकतेय. रोज तसंच होऊ लागलं. घरात आवाज गुडुप, जिन्यात खणखणीत.

कोपऱ्यावर एक मोबाईलवाली होती. चार्जर, काचा, कव्हरं विकायची आणि बिघडलेले फोन उघडून बसायची. बाई तिच्याकडे गेली. मोबाईलवालीने फोन लावून पाहिला, ठणठणीत. तिने निदान केलं की फोन चांगला आहे, घर बिघडलंय. जुन्या भिंती आवाज खातात. मग गिऱ्हाईक नव्हतं म्हणून तिने बाईला फोनमधलं आणखी थोडं शिकवलं. हे ब्लूटूथ, ती म्हणाली. याने बिनवायरीचा स्पीकर लागतो, कानातल्या गोळ्या लागतात, गाडीत बसलं तर गाडीतून बोलता येतं, आणि इंटरनेट नसलं तरी या फोनमधला फोटो त्या फोनमध्ये जातो. दोन्ही यंत्रं जवळ पाहिजेत एवढंच. दोरी नाही, पण गाठ आहे. लांब गेलं की आपोआप सुटते, जवळ आलं की आपोआप बसते. बाईला हे समजलं आणि पटलं नाही. न सांगता आपोआप बसणारी दोरी तिच्या एक्स्चेंजमध्ये कुणी चालवून घेतली नसती. पण मोबाईलवालीने तिचा एक जुना फोटो समोरच्या फोनमध्ये पाठवून दाखवला तेव्हा ती खूश झाली, आणि भिंतींना दोष देत घरी आली.

याच सुमारास धाकटीचं गुडघ्याचं प्रकरण निघालं. गुडघा बदलावा लागेल असं डॉक्टर म्हणाले होते. धाकटीला मागेपुढे कुणी नव्हतं. तिचं म्हणणं साधं होतं: ताईने यावं आणि ती काठीशिवाय चालायला लागेपर्यंत राहावं. बाईलाही जायचं होतं. गुडघ्यासाठी जायचं होतं, आणि गुडघा नसता तरी जायचं होतं. दोघी बहिणी एका छताखाली सलग राहिल्या होत्या त्या बाईच्या लग्नाआधी. अडचण एकच. आप्पांना विचारायचं होतं.

आप्पा नाही म्हणाले असते असं नाही. आप्पा आयुष्यात कशालाच नाही म्हणाले नव्हते. ते नुसते बघतील, ही तिला धास्ती होती. ते बघतील, मग चहाच्या भांड्याकडे बघतील, मग पुन्हा तिच्याकडे. स्वतःचा कप विसळणं त्यांना ठाऊक नव्हतं. अशा माणसाला ठेवून जायचं म्हणजे झाडाला पाणी घालायचं सोडून गावाला जाण्यासारखं. म्हणून ती रोज आज विचारते म्हणे, आणि रोज सकाळी धाकटीची पहिली वाक्यं दोन झाली होती: "काय म्हणतो पुतळा? विचारलंस का त्याला?"

यंत्रं लागल्यापासून आप्पांत मात्र फरक पडायला लागला. आधी टॉवेल. एक दिवस तो आपला आपण दोरीवर वाळत पडलेला दिसला. मग चहाचा कप मोरीत, विसळून पालथा. मग जेवताना मचमच आवाज यायचा तो थांबला. बाईने जिन्यात उतरून धाकटीला ही नवलाई सांगितली, आणि धाकटी म्हणाली की कालच म्हटलं ना, नखं कापतो का बघ, ती काय राक्षसासारखी ठेवतो. कालचं ते बाईने ऐकलंच नव्हतं, कारण धाकटीने ते फोन उचलताक्षणीच, बाई घरात असतानाच म्हणून टाकलं होतं. तरी आप्पांची नखं कापलेली होती.

बाईने याचं सगळं श्रेय यंत्रांना दिलं. तिने जिन्यातूनच मुलाला फोन करून आभार मानले. माणूस सुधारला रे तुझ्या यंत्राने, ती म्हणाली, नुसते कान नाही. मुलगा म्हणाला, कंपनीला कळव, जाहिरातीत घालतील. शेजारणींनाही तिने सांगितलं, आणि त्यातल्या दोघींनी आपापल्या नवऱ्यांच्या कानांची चौकशी सुरू केली. ते दोघेही बिचारे उत्तम ऐकत होते.

मग आप्पा स्वयंपाकघरात आले. चहा कसा करतात, त्यांनी विचारलं. बाई चकित होऊन बाजूला झाली. पहिला चहा औषधासारखा झाला, दुसरा पाण्यासारखा, आणि पुढच्या आठवड्यातला चक्क चहासारखा. कुकर लावायला शिकले. शिट्टी झाली तेव्हा ते दचकून मागे सरले आणि ही एवढी ओरडते, तू रोज हे ऐकायचीस का, असं विचारू लागले. भाजी चिरताना तुकडे एकसारखे व्हावेत म्हणून ते छापखान्यातली सगळी शिस्त पणाला लावत आणि तोवर फोडणी जळून जाई.

उलगडा झाला तो गाण्यामुळे. बाईला भाजी निवडताना फोनवर जुनं गाणं लावायची सवय होती, पण हल्ली गाणीही मुकी झाली होती. त्या सकाळी गाणं लावलं, पडद्यावर गाणारी बाई तोंड उघडतेय, वादकाचे हात चालतायत, आवाज शून्य. बाईने बाजूचं बटण दाबून आवाज वाढवला. काही नाही. आणखी वाढवला. भिंती आवाज खातात तर खाऊ देत पोटभर, म्हणत तिने बटण दाबून धरलं आणि आवाज पार टोकाला नेला.

बाल्कनीत आप्पा खुर्चीतून उडाले. वर्तमानपत्र एकीकडे, चष्मा एकीकडे, दोन्ही हात दोन्ही कानांवर. "अगं, हळू," ते म्हणाले. "केवढ्यांदा गातेय ती."

बाईने बटण खाली दाबलं. आप्पांचे हात खाली आले. तिने थोडं वर दाबलं. हात वर. असं तिने दोनतीनदा करून पाहिलं, म्हणजे शंकेला जागा नको. मग गाणं बंद केलं आणि निवडलेल्या भाजीकडे बघत बसली.

ती ऑपरेटर होती. लाइन कुठून कुठे गेली आहे हे एकदा कळलं की बाकीचं तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. दवाखान्यात सगळ्याला हो म्हणून तिने स्वतःच्या हाताने दोरी आप्पांच्या कानात खुपसली होती. घरात फोन उचलला की धाकटी थेट तिथे जात होती, आणि बाई जिना उतरून गाठ सुटेपर्यंत तिथेच बोलत होती. पुतळा. टॉवेल. नखं. मचमच. 'तू आहेस म्हणून टिकलीस ताई, दुसरी पळून गेली असती.' आणि रोज न चुकता: 'विचारलंस का त्याला?'

आधी तिला लाज वाटली. मग राग आला, कारण लाजेपेक्षा राग वागवायला सोपा. एवढे दिवस माणूस ऐकतो आणि ब्र काढत नाही. त्या दुपारी ती पुन्हा मोबाईलवालीकडे गेली आणि ही गाठ कशी सोडायची ते विचारून आली. सोपं होतं. पडद्यावर एक खूण, तिच्यावर बोट ठेवायचं, की सुटली.

घरी आली तर आप्पा भाजी चिरत होते. एकसारखे तुकडे, ओळीने. बाईने ते पाहिलं, आणि तिच्या डोक्यात वेगळाच दिवा लागला. हा माणूस टॉवेल वाळत घालतो, चहा करतो, कांदा चिरून रडतो, ते कशासाठी? मी जाऊ नये म्हणून. त्याने ऐकलंय की मी विचारणार आहे, आणि विचारूच नये म्हणून तो मला मस्का लावतोय. या वयात. लग्नाच्या वेळीसुद्धा त्याने एवढे कष्ट घेतले नव्हते. तेव्हा सगळं त्याच्या वडिलांनी केलं होतं.

तिने गाठ सोडली नाही.

दुसऱ्या सकाळपासून ती जिन्यात जाईनाशी झाली. फोन उचलायची आणि ओट्यापाशी उभी राहून बोलायची. धाकटीचं तिला अक्षरही ऐकू येत नव्हतं, पण बहिणीला ती इतकी वर्षं ओळखत होती की कुठे हं म्हणायचं, कुठे अगं बाई, कुठे नुसता सुस्कारा, हे तिला अंदाजाने जमे. आणि मधल्या जागेत ती मोठ्याने, बाल्कनीपर्यंत जाईल अशा बेताने आपलं म्हणणं मांडे. न्हाणीघरातला नळ गळतोय, कुणाला म्हणून सांगायचं. संध्याकाळी नळ दुरुस्त. मला कुणी फिरायला नेत नाही गं. दुसऱ्या दिवशी आप्पा चपला घालून दाराशी उभे. बाईला एवढी चांगली लाइन उभ्या नोकरीत मिळाली नव्हती. मग तिने मुख्य मुद्दा काढला. "मी कशी येणार गं," ती फोनमध्ये म्हणाली, "ह्यांना टाकून? ह्यांना काही जमत का आहे?" त्या रात्रीचं जेवण आप्पांनी एकट्याने केलं. भाजी तळाला लागली होती. बाईने ती दोनदा वाढून घेतली.

असे दिवस चालले होते, आणि तिच्या ध्यानात यायला हवं होतं ते आलं नाही, की जिन्यात जाणं सोडल्यापासून धाकटी काय म्हणते हे जगात फक्त आप्पांना माहीत होतं.

एका सकाळी फोन आला. बाई नेहमीप्रमाणे हं, हो ना, असं घालत राहिली आणि शेवटी म्हणाली, "बघू गं. पुढच्या महिन्यात बघू. घाई काय आहे." पडद्यावरचे सेकंद थांबले. धाकटीने फोन ठेवला होता. ती कधी आपणहून ठेवत नसे.

आप्पा बाल्कनीतून उठून आत आले. स्टूल ओढून ओट्यापाशी बसले. आधी एका कानातलं, मग दुसऱ्या कानातलं यंत्र काढलं आणि दोन्ही ताटलीत ठेवली. मग बोलले. स्वतःचाच आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते जरा मोठ्याने बोलत होते, पूर्वीसारखे.

"तिचं ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे. अचानक तारीख मिळाली म्हणाली. तू आलीस तरच करणार, नाहीतर रद्द करते म्हणाली. तू म्हणालीस, बघू, घाई काय आहे. ती रडत होती."

बाई म्हणाली की तुम्हाला काय माहीत. पण ते यंत्रांशिवाय बसले होते, त्यांच्यापर्यंत काही पोचलं नाही. ते पुढे बोलतच राहिले.

"चहा येतो आता. भात येतो. भाजी थोडी लागते, पण खाता येते. टॉवेल, कप, नखं, सगळं झालं. तेवढ्यासाठीच शिकलो. म्हटलं, तू विचारशील तेव्हा पुतळ्याला लगेच हो म्हणता आलं पाहिजे. तर तू विचारेचनास." त्यांनी ताटली बाजूला सारली. "तू जा."

इतके दिवस बाई या माणसाच्या नुसत्या बघण्याला घाबरून होती. आता न विचारताच हो आलं, आणि ते तिला लागलं. म्हणजे हे मला थांबवायला नव्हतंच. ही सगळी पाठवणीची तयारी होती. मी नसले तरी चालेल, हे शिकायला त्याला चहाचे तीन प्रयत्न लागले. ती ओरडून म्हणाली की बरं आहे, चांगलं आहे, माझी अडचणच होती म्हणा की घरात. आप्पांनी हात कानाकडे नेला आणि मान हलवली. ऐकू येत नाही.

मग तिने ताटलीतली यंत्रं उचलली आणि त्यांच्यामागे उभी राहून स्वतःच ती कानांत बसवू लागली. कान म्हातारे, मऊ झाले होते. केस वाढले होते, ते तिने बाजूला केले.

"उजवं डावीकडे घातलंस," आप्पा म्हणाले.

तिने काढून पुन्हा नीट घातली. आता ओरडायची सोय राहिली नव्हती. राग होता तोही मघाशी ओरडण्यात खर्ची पडला होता. ती समोर येऊन बसली आणि तिने हळू आवाजात विचारलं की कधीपासून ऐकताय.

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाही?"

आप्पांना या प्रश्नाचं खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "तू एवढी वर्षं अख्ख्या गावाचं ऐकलंस," ते म्हणाले. "कधी कुणाला सांगितलंस?"

गाव समजत होतं ते ठीक. गावाने कपडे आधी शिवून दिले. पण ज्याच्याशेजारी एवढा जन्म काढला त्यालाही तसंच वाटत होतं, आणि त्याने ते तिचा मोठेपणा म्हणून मनात जपून ठेवलं होतं. ती म्हणाली, मी कधी ऐकलं नाही हो. एकदासुद्धा नाही. किल्ली मागे ओढून टाकायचे मी.

"हो, हो," आप्पा समजुतीने म्हणाले. "तसंच म्हणायचं असतं."

तिने आणखी दोन वेळा सांगून पाहिलं. प्रत्येक वेळी त्यांच्या डोळ्यांतला आदर वाढतच गेला. शेवटी तिने तो नाद सोडला, आणि जिन्यात उतरून धाकटीला फोन केला. येतेय म्हणाली. सकाळी तू बोललीस त्यातलं मला काहीच ऐकू आलं नव्हतं, हे सांगितलं, आणि कुणाला आलं होतं तेही सांगितलं. धाकटीने बारीक आवाजात विचारलं, "पुतळा वगैरे पण?" सगळं, बाई म्हणाली. राक्षसाची नखं पण.

बुधवारी सकाळी गाडी दाराशी आली. आप्पांनी मोबाईलवालीकडून मोठा फोन घेतला होता. तो त्यांच्या यंत्रांना जोडून द्यायला ती दुपारी येणार होती. यापुढे त्यांच्या कानात त्यांचा स्वतःचा फोन. त्यासाठी बाईच्या फोनची गाठ आधी सोडायला हवी होती, कशी सोडायची तेही बाईला येत होतं. पण बॅग, पाण्याची बाटली, गॅसबद्दलच्या सूचना, यात ते राहून गेलं, असं ती पुढे सांगत असे. लांब गेलं की सुटतेच आपोआप.

ती गाडीत बसली आणि धाकटीचा फोन आला. बाईने उचलून कानाला लावला. शुकशुकाट. तिने वर पाहिलं. पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत आप्पा कठड्याला धरून उभे होते आणि मान जरा कलती करून ऐकत होते. त्यांनी एकदा मान डोलावली. मग पुन्हा. मग ते हसले, आणि हसता हसता चष्मा काढून पुसायला लागले. बाई फोन कानाला लावून हे सगळं बघत होती, जसं काचेपलीकडचं बघावं.

गाडी सुटली. कोपऱ्यावरच्या मोबाईलच्या दुकानापाशी धाकटी एकदम फोनमध्ये उगवली: "...तेवढंच सांगायचं होतं, भावोजी. काळजी घ्या."

"अगं, मी आहे," बाई म्हणाली. "निघाले. काय सांगत होतीस त्यांना?"

"ते आमचं आमच्यात."

"सांग की. ते हसत होते. डोळे पुसत होते."

"तुला काय करायचंय ताई?" धाकटी म्हणाली. "तू ऑपरेटर ना? जोडून दिलंस, झालं तुझं काम."